वळूच्या जातीचा दाखला

‘जातिवंत’ हा शब्द मराठीत दोन बाजारांत चालतो. एक बैलबाजार, दुसरा लग्नाचा. बैलबाजारातला दलाल निदान दात मोजतो, खूर उचलून बघतो, बैल गाडीला जुंपून चार पावलं चालवतो. मगच रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो. लग्नाच्या बाजारात यातलं काही नाही. आडनाव विचारलं, गाव विचारलं, पोटजात विचारली की झालं. पोरगा दारुडा असला तरी पाव्हणे पत्रिका पुढं ओढतात आणि ‘घराणं जातिवंत आहे’ म्हणत चहा पितात.

दोस्तहो, मला या शब्दाचा इतिहास सांगायचाय. तो मी पोथ्यापुराणातून सांगणार नाही. इंग्लंड-अमेरिकेत मांसासाठी वळू तयार करून विकणारी जी माणसं झाली, त्यांच्या हिशेबातून सांगणार आहे. कारण साधं आहे. त्या लोकांना मोक्ष नको होता, पैसा पाहिजे होता. शुद्ध रक्त, उच्च कुळ, बेटीबंदी हे सगळं त्यांनी जनावरांवर दीडशे वर्षं करून बघितलं आणि शेवटी तराजूत घातलं. तराजू काय बोलला ते आपण ऐकलं पाहिजे.

आधी धंदा समजून घ्या. तिकडं मांसाची गुरं पाळणाऱ्यांचे दोन थर आहेत. एक कळपवाला. त्याच्याकडं शे-दोनशे, कुणाकडं हजारावर गाई. त्याला दरसाल गाईमागं एक वासरू पाहिजे, ते झपाट्यानं वाढलं पाहिजे, अंगावर मांस धरलं पाहिजे. पंचवीस-तीस गाईंमागं त्याला एक वळू लागतो. हा वळू तो बहुतेक विकतच आणतो. दुसरा थर वळूवाल्याचा. तो वंश विकतो. त्याच्याकडं गोऱ्हे जन्मतात त्यातले निवडक तेवढे वळू म्हणून राखायचे, बाकीचे खच्ची करून चरबीला लावायचे आणि खाटकाकडं पाठवायचे. राखलेला वळूही काही हंगाम कळपात फिरतो, मग लंगडतो, थकतो, आणि त्याचाही खिमा होतो. दाखल्यावर त्याच्या आज्याचं नाव कितीही मोठं असू द्या.

*

हा धंदा अठराव्या शतकातल्या इंग्लंडात सुरू झाला. त्याआधी गावाची गुरं गावाच्या गायरानावर एकत्र चरायची. कुणाची गाय, कुणाचा वळू, कोण विचारतो. मग श्रीमंतांनी पार्लमेंटात कायदे करून गायरानांना कुंपणं घातली. गरिबाची गाय बाहेर, जमीनदाराची आत. गायरान गेलं म्हणजे काय गेलं हे मराठवाड्यातल्या आपल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण कुंपण घातल्यावरच एक गोष्ट शक्य झाली. नर एका बाजूला, माद्या एका बाजूला, आणि कुणाचा संग कुणाशी लावायचा हे मालकाच्या हातात.

लीस्टरशायरमधल्या डिशली गावचा रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) यातला पहिला गाजलेला माणूस. मेंढ्या आणि लांब शिंगांची गुरं त्यानं अशी हाताळली की माणसं लांबून बघायला यायची. त्याची युक्ती जुन्या लोकांना पाप वाटावी अशी होती. पाहिजे तो गुण एका घराण्यात दिसला की बाप-लेक, भाऊ-बहीण असा संग लावून तो गुण पक्का करायचा. त्याच्या मागोमाग डरहॅम भागात चार्ल्स आणि रॉबर्ट कॉलिंग या भावांनी आखूड शिंगांच्या गुरांवर, म्हणजे शॉर्टहॉर्नवर, हेच केलं. त्यांचा ‘कॉमेट’ नावाचा वळू १८१० च्या लिलावात १००० गिनीला गेला. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. शेतमजुराला आठवड्याला १५ शिलिंग मजुरी धरली तर त्या एका वळूच्या किमतीला सत्तावीस वर्षं राबावं लागलं असतं.

आता या कॉमेटचं कुळ ऐका. त्याचा बाप ‘फेवरिट’. फेवरिटची आई ‘फिनिक्स’. फेवरिटचा संग त्याच्याच आईशी लावला, त्यातून कालवड झाली. तिचा संग पुन्हा फेवरिटशी, म्हणजे तिच्या बापाशी. त्यातून कॉमेट. ज्याला शुद्ध रक्त म्हणतात ते असं तयार होतं. आकाशातून पडत नाही. कुंपणाच्या आत कोंडून, दुसऱ्याला दार बंद करून तयार करतात.

मग १८२२ साली जॉर्ज कोट्स यानं शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळीची वही छापली. गुरांच्या इतिहासातली पहिली. घोड्यांची वही तिच्या आधी १७९१ पासून होती. या वहीत नाव असलेल्या आईबापाचं लेकरू तेवढं जातिवंत. वहीबाहेरचं जनावर कितीही देखणं, कितीही दणकट असो, ते नुसतं गुरू. कुंपण आधी जमिनीला पडलं, मग वहीला पडलं.

वही आली आणि धंद्याचं टाळकं फिरलं. वळू बघायचा सोडून लोक वही बघायला लागले. टॉमस बेट्स नावाच्या एका इंग्रजानं शॉर्टहॉर्नमध्ये ‘डचेस’ नावाचं घराणं राखलं होतं. डचेस म्हणजे सरदारीणबाई. त्या घराण्याची नावं ऐकून लॉर्ड लोक आणि अमेरिकेतले पैसेवाले वेडे झाले. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूयॉर्क मिल्स गावी १० सप्टेंबर १८७३ ला लिलाव झाला. ‘आठवी डचेस ऑफ जिनीव्हा’ ही एकच गाय ४०,६०० डॉलरला गेली. गाय किती दूध देते, किती वेतं झाली, अंगावर मांस किती, हा सवाल नव्हता. रक्त डचेसचं होतं. आणि ते घराणं तर वांझपणानं पोखरलेलं होतं. गाई गाभण राहीनात. जपत जपत, आतल्या आत लावत लावत वंशच बुडाला.

त्या लिलावानंतर चौदा दिवसांनी, २४ सप्टेंबर १८७३ ला, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्याच वर्षी त्यांची ‘गुलामगिरी’ निघाली आणि गुलामांना मोकळं केल्याबद्दल त्यांनी ती अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली. इकडच्या त्या माणसाला माणसांची वही फाडायची होती, तिकडं गाईच्या वहीवर डॉलर उधळत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरी तारखा शेजारी ठेवून बघाव्यात अशा आहेत.

सगळेच काही नावाला भुलले नाहीत. स्कॉटलंडात ॲबर्डीनजवळ सिटिटन इथं अ‍ॅमस क्रुकशँक नावाचा शेतकरी होता. जमीन खंडानं घेतलेली. त्याचा हिशेब एवढाच की थंडीवाऱ्यात, साध्या चाऱ्यावर, जनावर लवकर आणि भरून वाढलं पाहिजे. १८५९ साली त्याच्याकडं एक गोऱ्हा झाला. त्याचं नाव ‘चँपियन ऑफ इंग्लंड’. त्याच्या वासरांच्या पाठी रुंद निघतात एवढं बघून क्रुकशँकनं तो राखला आणि सगळा कळप त्याच्यावर उभा केला. पुढं सरदारीणबाईंचा बाजार बसल्यावर अमेरिकेनं मांसासाठी जे शॉर्टहॉर्न नेले, त्यात या खंडकऱ्याच्या गोठ्यातलं रक्त मोठं होतं.

*

आता अमेरिकेत येऊ. तिथं वळूची गोष्ट माणसापासून वेगळी काढता येत नाही. कारण तिथं माणसंही गुरांच्या यादीत होती.

१६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला की लेकराचा दर्जा आईवरून ठरेल. गुलाम बाईचं मूल गुलाम, मग बाप कुणी का असेना. बाप बहुधा कोण असायचा हे न सांगता कळतं. गाय माझी तर वासरू माझं, हाच गोठ्याचा कायदा बाईला लावला. फ्रेडरिक डग्लसनं १८४५ च्या आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलंय की मालक मेल्यावर वाटणीसाठी मोजदाद झाली, तेव्हा गडी, बाया, पोरं, घोडे, गुरं, डुकरं एका रांगेत उभी करून किंमत केली. हे वाचताना मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. आपल्याकडं महार गावाचा, गाव पाटलाचा. किंमत लावली नाही, कारण फुकटात मिळत होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोठ्यातलं शास्त्र पुन्हा माणसांवर आलं. १९०३ साली ‘अमेरिकन ब्रीडर्स असोसिएशन’ निघाली. बियाणं आणि गुरं सुधारणारे लोक यात. १९०६ मध्ये तिनं माणसांच्या पैदाशीसाठी समिती नेमली. त्याला नाव सुप्रजाजनन. चांगल्यांनी चांगल्यांशी लगीन करावं, वाईटांना पोरं होऊ देऊ नयेत. चांगले म्हणजे कोण, हे ठरवणारे स्वतःच. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं कॅरी बक नावाच्या गरीब गोऱ्या पोरीची जबरदस्तीनं नसबंदी करायला मंजुरी दिली. गुरं खच्ची करायचा चिमटा माणसापर्यंत आला. त्याच वर्षी मार्चमध्ये आमची माणसं महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेली होती आणि डिसेंबरात मनुस्मृती जाळली होती.

मनुस्मृतीचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब करू. वळूवाल्यांच्या वहीत बऱ्याच ठिकाणी एक वाट ठेवलेली असते. गावठी गाईला शुद्ध वळू लावा. लेक अर्धी. तिला पुन्हा शुद्ध वळू, नात पाऊण. मग ७/८, मग १५/१६. तिथं बऱ्याच जातींच्या वह्या म्हणतात, झालं शुद्ध, करा नोंद. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हीच वाट आहे. ब्राह्मण बाप आणि शूद्र आई यांच्या लेकीनं पुढं पिढ्यान् पिढ्या ब्राह्मणाशीच संग केला तर सातव्या पिढीला जात वर चढते. वळू वरच्याचा, गाय खालची, एवढं मात्र पक्कं. उलटं झालं, बाप शूद्र आणि आई ब्राह्मण, तर मूल चांडाळ. मनू वळूवालाच होता. फरक एवढाच की त्यानं कधी तराजू आणला नाही.

आणि व्हर्जिनियानं १९२४ साली गोऱ्यांनी इतरांशी लगीन करू नये म्हणून कायदा केला. अंगात थेंबभरही दुसरं रक्त नको. पण मोठमोठी घराणी आपण पोकाहोंटास या आदिवासी राजकन्येचे वंशज म्हणून मिरवायची. त्यांच्यासाठी कायद्यात खास सोय केली. आदिवासी रक्त १/१६ किंवा कमी असेल तर माणूस गोराच. बघा, तोच गोठ्यातला अपूर्णांक. काळ्याला मात्र ही सोय नाही. त्याचा एक थेंब पुरे. हा कायदा १९६७ पर्यंत टिकला.

*

आणि आता गंमत बघा. त्याच १९२४ साली, त्याच अमेरिकेत, वळूवाल्यांनी एक नवी वही उघडली. ती संकराची होती.

टेक्सस-लुइझियानाकडं ऊन भयंकर, गोचीड बेसुमार. गोचिडीमुळं गुरांना ताप येतो हे १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी सिद्ध केलं. विलायती शुद्ध रक्ताचे शॉर्टहॉर्न आणि हियरफर्ड तिथं धापा टाकून मरायचे. वहीतलं नाव गोचिडीला वाचता येत नव्हतं. मग तिथल्या लोकांची नजर आपल्याकडच्या वशिंडवाल्या गुरांवर गेली. सैल कातडी, गळ्याखाली लोंबती पोळी, भरपूर घाम, कदान्नावर तग. १९०६ मध्ये टेक्ससच्या एका मोठ्या रँचचा मॅनेजर हिंदुस्थानात येऊन ५१ जनावरं घेऊन गेला. पुढची काही ब्राझिलातून मेक्सिकोमार्गे आली. नोंद झालेली सगळी मिळून तीनशेच्या आत. गुजराती काँक्रेज, आंध्रातले ओंगोल, सौराष्ट्राचे गीर आणि आपल्या कृष्णाकाठचे बैल. हे कृष्णाकाठचं वाणही मूळचं एक नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण मराठा मुलखातल्या संस्थानिकांनी काळ्या चिकट रानात ओढायला दांडगा बैल पाहिजे म्हणून गीर, ओंगोल, काँक्रेज आणि म्हैसूरकडचं वाण एकत्र करून ते घडवलं. ज्यांच्या राज्यात महाराची सावली चालत नव्हती, त्यांच्या गोठ्यात चार मुलखांचं रक्त चालत होतं.

टेक्ससवाल्यांनी ही चारही वाणं आपसात आणि तिथल्या गाईंवर मिसळली, मिसळत राहिले, आणि १९२४ मध्ये ह्यूस्टनला संघ काढून त्या मिसळीला नाव दिलं. नाव काय दिलं? ब्राह्मण. होय, तेच नाव. अमेरिकेत मांसासाठी वाढवायच्या, गावोगावच्या संकरातून झालेल्या वळूचं अधिकृत नाव ब्राह्मण आहे. तिथले काऊबॉय त्याला ‘ब्रेमर’ म्हणतात. टेक्ससच्या किंग रँचनं पुढं तीन भाग ब्राह्मण आणि पाच भाग शॉर्टहॉर्न असा मेळ घालून ‘सांता गर्त्रूदिस’ ही जात उभी केली. १९४० मध्ये तिथल्या शेतीखात्यानं तिला मान्यता दिली. कॉमेटचं कोंडलेलं रक्त आणि कृष्णाकाठचं वशिंड एका कातडीत आलं आणि दोघांचं भलं झालं.

व्हर्जिनियात १९२४ ला माणसाच्या संकराला तुरुंग, टेक्ससमध्ये १९२४ ला बैलाच्या संकराला सर्टिफिकेट. आपल्याकडंही तेच. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे हातपाय गळतात त्याचं एक कारण वर्णसंकर. त्याच देशात शेतकरी संकरित ज्वारी पेरतो, संकरित गाय बांधतो, आणि ‘हायब्रीड आहे’ म्हणून छाती काढतो. पोरीनं महाराच्या पोराशी लगीन केलं की तोच शेतकरी कोयता काढतो.

*

तिकडं शुद्ध रक्तवाल्यांचा हिशेब चुकता व्हायचा होता. तो झाला हियरफर्डमध्ये. लाल अंग, पांढरं तोंड, अमेरिकेच्या मांसधंद्यातली दादा जात. १९३० नंतर प्रदर्शनात फॅशन आली आखूड, बुटक्या, चौकोनी वळूची. जमिनीला टेकलेला ठोकळा दिसला की पंच बिल्ला लावायचे. पंच कोण? त्याच वर्तुळातले. बिल्ला मिळाला की किंमत वाढली, त्याचीच वासरं सगळीकडं गेली. आणि मग १९४० नंतर मोठमोठ्या नामांकित कळपांत बुटकी वासरं जन्मायला लागली. फुगलेलं कपाळ, पोटाचा नगारा, श्वास घेताना घरघर. वासरं जगत नव्हती. दोष असा की एकाच बाजूनं आला तर जनावर नुसतं ठेंगणं, आटोपशीर दिसतं, म्हणजे पंचाला हवं तसं. दोन्ही बाजूंनी आला की बुटकं. दोष लपवणाऱ्या अशा दोन जनावरांचा संग झाला की चारात एक वासरू असं. पंच ज्याला मेरिट म्हणून बिल्ले लावत होते, त्यात बरंचसं ते दुखणंच होतं.

आणि जातिवंत वळूवाल्यांनी काय केलं? कित्येकांनी बुटकी वासरं रात्रीत पुरली. घराण्याची अब्रू. वहीत डाग नको. हे वाचून मला आपल्याकडची घराणी आठवली. तिथंही पुष्कळ काही रात्रीत पुरतात.

शेवटी कळपवाला बिथरला. त्याला बिल्ला नको होता, वासरू पाहिजे होतं. मग वळूंची खरी तपासणी बोकाळली. तिची सुरुवात सरकारी संशोधन केंद्रांनी आधीच केली होती. मोंटाना राज्यात माइल्स सिटीला १९३४ पासून हियरफर्डचा एक कळप वजनं मोजून, वाढ मोजून निवडत आले होते. १९६८ ला देशभरच्या अशा तपासणीवाल्यांनी ‘बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशन’ काढली आणि मोजायचे नियम एक केले. या नियमांसाठीच मी हा लेख लिहायला घेतला. बारकाईनं ऐका.

नियम पहिला. दोन वळूंची बरोबरी करायची तर ते एका हंगामात जन्मलेले, एका रानात वाढलेले, एका गव्हाणीवर खाल्लेले पाहिजेत. एकाला धान्य आणि दुसऱ्याला माळावरचं वाळलं गवत घालून वजनं लावली तर ती बरोबरी धरत नाहीत. तो आकडा फेकून देतात.

नियम दुसरा. वासरू आईवेगळं करताना त्याचं वजन घेतात आणि २०५ दिवसांच्या वयाला बेतून लावतात. लहानमोठं वय आड येऊ नये म्हणून.

नियम तिसरा. आई पहिलारू असेल, दोन वर्षांची, तर तिला दूध कमी असतं. वासराचा त्यात काय दोष? म्हणून तिच्या गोऱ्ह्याच्या वजनात ६० पौंड, म्हणजे २७ किलो, वरून मिळवतात. कालवड असेल तर ५४ पौंड. आई तीन वर्षांची असेल तर कमी, चार वर्षांची असेल तर आणखी कमी. पाच ते दहा वर्षांच्या भरल्या आईच्या वासराला काही नाही. त्याला पोटभर मिळालेलंच असतं. अकरा वर्षांपुढच्या थकल्या आईच्या वासराला पुन्हा मिळवतात.

यावर कुठल्याही वळूवाल्यानं मोर्चा काढला नाही. मेरिटचा खून झाला म्हणून कुणी बूट पॉलिश करायला रस्त्यावर बसला नाही. कारण ६० पौंड मिळवले नाहीत तर नुकसान आपलंच आहे हे त्याला कळतं. चांगला वळू ओळखायचा राहील आणि खच्ची होऊन खाटकाकडं जाईल. ज्याच्या आईला दूध नव्हतं त्याच्यात काय दडलंय ते बघायचं असेल तर आधी आईचं न मिळालेलं दूध हिशेबात धरा. एवढी अक्कल मांसाचा व्यापार करणाऱ्याला आहे. आपल्या पोरांच्या मार्कांपुढं नाक मुरडणाऱ्या पांढरपेशांना नाही. त्यांचं पोर खाजगी क्लासच्या गव्हाणीवर, आपलं पोर नगरपालिकेच्या दिव्याखाली, आणि वजनकाटा एकच.

तपासणीतून शेवटचं सत्य निघालं ते संकराचं. नेब्रास्कात फोर्ट रॉबिन्सनला हियरफर्ड, अँगस आणि शॉर्टहॉर्न या तिन्ही जाती शुद्ध ठेवून आणि मिसळून वर्षानुवर्षं जोखल्या. संकराची गाय, तिला तिसऱ्या जातीचा वळू. वळवलेल्या प्रत्येक गाईमागं वासराचं वजन शुद्ध कळपापेक्षा साधारण २३ टक्क्यांनी जास्त भरलं. त्यातला मोठा वाटा संकराच्या आईचा. ती लवकर गाभण राहते, जास्त वर्षं टिकते, वासरू जगवते. आज धंद्याच्या कळपांत संकराच्या गाई सगळीकडं दिसतात ते यामुळं.

*

इथं मी थांबतो आणि एक धोक्याची सूचना देतो. कुणी म्हणेल, बघा, संकरानं अवलाद सुधारते, म्हणून आंतरजातीय लग्नं करा. नाही. तो वळूवाल्याचाच तर्क, फक्त उलट्या बाजूनं. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. मंडळ भ्यालं, परिषद रद्द झाली, बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यात जातीला सुप्रजाजननाचा टेकू देणाऱ्यांना त्यांनी गाठलं आहे. त्यांचं म्हणणं असं की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांच्या वंशात फरक नाही. जात ही वंशाची वाटणी नव्हेच. आणि जातीनं अवलाद सुधारली असती तर ज्या देशातली नऊ-दशांश माणसं लष्कराला नालायक ठरतात, त्या देशानं ते आधी दाखवावं.

म्हणजे जात गुरांच्या वहीइतकीही खरी नाही. वहीत निदान बाप तरी खरा लिहायची सक्ती असते. आणि माणसाला कुणी वळवायचं नसतं. पोरगापोरगी आपल्या मर्जीनं संसार करतात. त्यांना समतेनं जगता यावं यासाठी जात तोडायची. वासराचं वजन वाढावं म्हणून नव्हे.

या इतिहासातला शेवटचा दुवा गीरचा. गीरच्या वळूचं रक्त ह्यूस्टनला गेलं, ब्राह्मण झालं, तिथं राजरोस खाल्लं जातं. ब्राझिलात त्याच गीरला पुजल्यासारखं जपतात. आणि त्याच गीरच्या नावाचा जो जिल्हा, गीर सोमनाथ, तिथं उनाजवळ ११ जुलै २०१६ ला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून, गाडीला बांधून, लोखंडी नळ्यांनी मारलं. मेलेलं ढोर ओढा म्हणून सक्ती करणारे तेच, ओढलं म्हणून मारणारे तेच. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी पडीचं मांस सोडा म्हणून सांगितलं त्याचा अर्थ अशा वेळी नव्यानं कळतो. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूही कापायला बंदी आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हातारा बैल शेतकऱ्यानं कुठं न्यायचा याचं उत्तर कायद्यात नाही. वळूच्या जिवाची एवढी काळजी असलेल्या राज्यात वस्तीवरच्या पोराच्या दुधाचे साठ पौंड कुणी मोजलेत?

आमच्यावर एक टोमणा नेहमी येतो. ‘जात नको म्हणता आणि जातीचा दाखला तेवढा मागता.’ त्याला माझं उत्तर या वळूंनी दिलंय. दाखले दोन तऱ्हेचे असतात. एक कोट्सच्या वहीतला. तो आज्याचं नाव सांगून किंमत वाढवायला मागतो. दुसरा तपासणीच्या कागदावरचा. आई पहिलारू होती, दूध कमी पडलं, म्हणून एवढे पौंड येणे आहेत, एवढंच तो सांगतो. तहसीलदाराच्या सहीचा आमचा दाखला या दुसऱ्या जातीचा. तो आमच्या रक्ताविषयी काही बोलत नाही. गव्हाणीविषयी बोलतो. ज्या दिवशी गव्हाण एक होईल त्या दिवशी तो फाडून टाकायला आम्हीच पुढं येऊ. तोपर्यंत बाकी चुकती करा, आणि ‘जातिवंत’ हा शब्द बैलबाजारात परत नेऊन ठेवा.